एकोणतीस अंकांची संख्या आणि तिचा ताळा

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



संस्थेच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा हिशेब मांडण्याचा हा मंगल प्रसंग आहे. हिशेब म्हटला की संख्या आली आणि संख्या आली की तिच्यामागून ताळा आला. ज्या समाजात दिवाळीच्या मुहूर्तावर वहीपूजन होते, त्या समाजाला हे वेगळे सांगावयास नको. म्हणून आजच्या व्याख्यानासाठी एका संख्येचा विषय योजिला आहे. ही संख्या जैन आगमांतील आहे, ती एकोणतीस अंकी आहे आणि दिगंबर व श्वेतांबर अशा दोन्ही परंपरांनी ती जपली आहे. ती संख्या अशी :

७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६

उजवीकडून सात-सात अंकांचे गट पाडले म्हणजे ही संख्या प्राचीन रीतीने वाचता येते. ७ कोडाकोडाकोडाकोडी, ९२ लाख २८ हजार १६२ कोडाकोडाकोडी, ५१ लाख ४२ हजार ६४३ कोडाकोडी, ३७ लाख ५९ हजार ३५४ कोटी, ३९ लाख ५० हजार ३३६. कोडाकोडी म्हणजे कोटी गुणिले कोटी. पुढील प्रत्येक पायरीवर आणखी एका कोटीने गुणावयाचे.

राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष यांच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' हा ग्रंथ रचला. त्यांनी एकं, दहं, शतं येथपासून 'महाक्षोभ' येथपर्यंत चोवीस स्थानांची नावे दिली आहेत. प्रस्तुत संख्या त्या चोवीस घरांत मावत नाही. तिला आणखी पाच घरे लागतात. एवढ्यावरून तिचा विस्तार ध्यानी यावा. तथापि आजचे प्रयोजन हे तिचे मोठेपण नव्हे. मोठी संख्या कोणासही लिहिता येते. पाटीवर अंक मांडीत गेले की झाले. या संख्येचे वैशिष्ट्य असे की, ती सांगणाऱ्यांनी तिच्यासोबत तिचा ताळाही दिला आहे.

एका संख्येच्या तीन ओळखी

'अनुयोगद्वार सूत्र' या आगमग्रंथात मनुष्यांची कमीत कमी संख्या सांगताना तिची ओळख अनेक प्रकारे करून दिली आहे. पहिली ओळख स्थानांची. ही संख्या मांडल्यास एकोणतीस स्थाने व्यापते. आठ स्थानांचे एक 'यमलपद' धरले, तर ती तीन यमलपदांच्या म्हणजे चोवीस स्थानांच्या वर आणि चार यमलपदांच्या म्हणजे बत्तीस स्थानांच्या आत राहते. दुसरी ओळख गुणाकाराची. दोन या अंकाच्या पाचव्या वर्गाने सहाव्या वर्गाला गुणले की ही संख्या येते. तिसरी ओळख छेदनाची. ही संख्या शहाण्णव वेळा निम्मी होऊ शकते.

या तीन ओळखी परस्परांहून भिन्न आहेत, हे लक्षात घ्यावे. पहिली अंकांची लांबी सांगते, दुसरी संख्या तयार करण्याची रीत सांगते आणि तिसरी ती मोडण्याची रीत सांगते. एखाद्या व्यापाऱ्याने मालाची नोंद नगांवर, वजनावर आणि किमतीवर अशी तीन ठिकाणी ठेवावी, म्हणजे एका नोंदीतील चूक दुसरीवरून उघड व्हावी, तसाच हा प्रकार आहे.

प्रथम दुसरी ओळख पाहू या. येथे 'पाचवा वर्ग' म्हणजे पाचवा घात नव्हे. दोनचा वर्ग करावा, आलेल्या उत्तराचा पुन्हा वर्ग करावा, असे करीत जावे.

पहिला वर्ग ४.
दुसरा वर्ग १६.
तिसरा वर्ग २५६.
चौथा वर्ग ६५५३६.
पाचवा वर्ग ४२९४९६७२९६.
सहावा वर्ग १८४४६७४४०७३७०९५५१६१६.

यांतील शेवटच्या तिघांना प्राकृत ग्रंथांत स्वतंत्र नावे आहेत. चौथा वर्ग 'पण्णट्ठी', पाचवा 'बादाल' आणि सहावा 'एकट्ठी'. या नावांत त्या त्या संख्येचे आरंभीचे अंकच ऐकू येतात. पण्णट्ठी म्हणजे पासष्ट, बादाल म्हणजे बेचाळीस, आणि एकट्ठीत एक व आठ. लांबलचक रकमेला तिच्या पहिल्या दोन आकड्यांवरून ओळखण्याची ही सवय पेढीवर बसणाऱ्या कोणालाही परकी वाटणार नाही.

बादाल आणि एकट्ठी यांचा गुणाकार केला की आपली एकोणतीस अंकी संख्या हाती येते. सहा वेळा वर्ग आणि शेवटी एक गुणाकार, अशा अवघ्या सात कृतींत ती तयार होते. कागद, पेन्सिल आणि एक निवांत दुपार एवढे भांडवल पुरेसे आहे.

अर्धच्छेद

आता तिसरी ओळख. एखादी राशी किती वेळा निम्मी होऊन एकावर येते, त्या वेळांच्या संख्येस दिगंबर परंपरेतील 'धवला' टीकेत 'अर्धच्छेद' म्हटले आहे. कापडाच्या व्यवहारातील उदाहरण घ्यावयाचे तर ६४ मीटरचा तागा निम्मा केला की ३२ मीटर राहतो, पुन्हा निम्मा केला की १६, मग ८, ४, २ आणि सहाव्या खेपेस १ मीटर. म्हणून ६४ चे अर्धच्छेद सहा.

बादालचे अर्धच्छेद ३२ आहेत, एकट्ठीचे ६४. या दोहोंचा गुणाकार करावयाचा तर दहा अंकी संख्येने वीस अंकी संख्येला गुणावे लागते. परंतु उत्तराचे अर्धच्छेद काढावयाचे असतील तर काहीच कष्ट नाहीत : ३२ आणि ६४ यांची बेरीज ९६. गुणाकाराच्या जागी बेरीज आली. हा नियम वीरसेनाचार्यांच्या धवला टीकेत स्पष्टपणे येतो. त्याच टीकेत निम्मे करण्याऐवजी तिसरा भाग घेत गेल्यास 'त्रिकच्छेद' आणि चौथा भाग घेत गेल्यास 'चतुर्थच्छेद' अशीही परिमाणे आहेत.

युरोपात गुणाकाराचे बेरजेत रूपांतर करणारी लॉगरिदमची कोष्टके जॉन नेपियर यांनी १६१४ मध्ये प्रसिद्ध केली. पूर्वी वाणिज्य आणि विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांच्या दप्तरात ती छोटी पुस्तिका असे. दोहोंमागील तत्त्व एक असले, तरी हेतू वेगळे होते. नेपियर यांना खगोलातील किचकट आकडेमोड सोपी करावयाची होती, तर आचार्यांना असंख्यात आणि अनंत राशींची परस्परांशी तुलना करावयाची होती. एकाने दुसऱ्याचे घेतले, असे म्हणण्याची आवश्यकता नाही. सत्याच्या एका शिखराकडे दोन वाटांनी जाता येते, हे अनेकान्ताचे अनुयायी असणाऱ्यांना सहज पटावे.

संख्येचे गुणधर्म

या संख्येत दोनशिवाय दुसरा कोणताही मूळ अवयव नाही. तीनने, पाचाने किंवा साताने तिला पूर्ण भाग जात नाही. १, २, ४, ८, १६ असे करीत स्वतः ती संख्या धरून तिचे एकूण ९७ विभाजक होतात. ती स्वतः वगळून उरलेल्या ९६ विभाजकांची बेरीज केली, तर ती त्या संख्येहून बरोबर एकाने कमी भरते. गणितात ज्या संख्येच्या विभाजकांची अशी बेरीज तिच्याइतकीच येते, तिला 'परिपूर्ण संख्या' म्हणतात. ६ आणि २८ ही त्यांची सोपी उदाहरणे. एकोणतीस अंकांच्या या खात्यात परिपूर्ण होण्यास केवळ एक रुपयाची तूट राहते, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरा गुणधर्म मुळांचा. ९६ या संख्येला २, ३, ४, ६, ८, १२, १६, २४, ३२, ४८ आणि ९६ यांनी पूर्ण भाग जातो. त्यामुळे आपली संख्या एकाच वेळी पूर्ण वर्ग आहे, पूर्ण घन आहे, आणि चौथा, सहावा, आठवा असे एकूण अकरा प्रकारचे पूर्ण घात आहे. तिचे वर्गमूळ २८१४७४९७६७१०६५६, घनमूळ ४२९४९६७२९६ म्हणजे बादाल, चतुर्थमूळ १६७७७२१६, सहावे मूळ ६५५३६ म्हणजे पण्णट्ठी, आठवे ४०९६, बारावे २५६, सोळावे ६४, चोविसावे १६, बत्तिसावे ८, अठ्ठेचाळिसावे ४ आणि शहाण्णवावे २. कुठेही अपूर्णांक उरत नाही. बादालचा घन म्हणजेच ही संख्या, असे जे म्हटले जाते ते यामुळेच.

तिसरा गुणधर्म अंत्य अंकांचा. शेवटच्या दोन अंकांचे ३६ होतात, त्यांस ४ ने भाग जातो. शेवटचे तीन ३३६, त्यांस ८ ने. शेवटचे चार ०३३६, त्यांस १६ ने. शेवटचे पाच ५०३३६, त्यांस ३२ ने, भागाकार १५७३. उजवीकडून जितके अंक घ्यावेत, तितक्या वेळा ते निम्मे होतात. संख्येचा लहानसा तुकडाही तिच्या कुळाची खूण सांगतो.

अक्षरांत ठेवलेले अंक

दहाव्या शतकात नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांनी 'गोम्मटसार' रचला. श्रवणबेळगोळ येथे भगवान बाहुबलींची विशाल मूर्ती घडविणारे चामुंडराय हे त्यांचे समकालीन आणि भक्त. गोम्मटसाराच्या जीवकांडात पर्याप्त मनुष्यांची संख्या म्हणून हीच एकोणतीस अंकी संख्या आली आहे. पण ती अंकांत नसून अक्षरांत आहे.

त्या काळी अंक पाठ ठेवण्यासाठी अक्षरांची एक पद्धती रूढ होती. क पासून झ पर्यंत १ ते ९; ट पासून ध पर्यंत पुन्हा १ ते ९; प पासून म पर्यंत १ ते ५; आणि य पासून ह पर्यंत १ ते ८. ञ आणि न यांचे मूल्य शून्य. काना, मात्रा, वेलांटी यांना मूल्य नाही. अशी अक्षरे निवडून आचार्यांनी एकोणतीस अंक एका गाथेत बसविले. अंक उजवीकडून डावीकडे मोजावयाचे असल्याने गाथेचे पहिले अक्षर 'त' म्हणजे ६ हा एकं स्थानचा अंक, आणि शेवटचे अक्षर 'स' म्हणजे ७ हा सर्वांत डावीकडचा अंक होय.

गाथेत ओळखीचे शब्दही भेटतात. त्यांत 'चोर' आहे, 'भय' आहे आणि 'मेरू' सुद्धा आहे. त्यांच्या अर्थाचा मनुष्यसंख्येशी संबंध नाही. 'चोर' म्हणजे ६ आणि २, 'भय' म्हणजे ४ आणि १, 'मेरू' म्हणजे ५ आणि २. पाठांतर करणाऱ्याच्या जिभेवर शब्द राहावेत आणि शब्दांच्या पोटात अंक सुरक्षित राहावेत, ही योजना.

लेखनिकाची चूक कशी सापडावी?

आता मूळ मुद्द्याकडे वळावयाचे. ताडपत्रावर लेखणीने कोरलेली अक्षरे एका हातून दुसऱ्या हाती नकलली जात होती. नक्कल करणारा थकतो, त्याची नजर एक ओळ सोडून दुसरीवर जाते, पानाचा कोपरा वाळवी खाते. साध्या वाक्यात अक्षर चुकले तर अर्थावरून ते दुरुस्त करता येते. संख्येत एक अंक चुकला तर वाचणाऱ्याला संशयसुद्धा येत नाही. कोणताही अंक कोणत्याही अंकाशेजारी शोभून दिसतो. मग ही संख्या बरोबर आहे, हे कशावरून मानावे?

जुन्या पेढ्यांवर गुणाकार पडताळण्यासाठी नऊचा ताळा पाहत असत. बादालच्या अंकांची बेरीज ५८, पुन्हा बेरीज १३, पुन्हा ४. एकट्ठीच्या अंकांची बेरीज ८८; पुन्हा १६; पुन्हा ७. चार सत्ते अठ्ठावीस, त्यातील अंकांची बेरीज १०, म्हणजे १. तेव्हा गुणाकाराचा ताळा १ यावयास हवा. आपल्या संख्येच्या एकोणतीस अंकांची बेरीज १२७; पुन्हा १०; म्हणजे १. ताळा जमला. ही १२७ ची बेरीजही मौजेची आहे. १, २, ४, ८, १६, ३२ आणि ६४ यांची बेरीज तेवढीच होते. अर्थात हा केवळ योगायोग आहे. त्यात चमत्कार शोधू नये.

तथापि नऊच्या ताळ्याला एक डोळा कमी आहे. समजा, नक्कल करणाऱ्याने 'चोर' या शब्दातील दोन अक्षरांची अदलाबदल केली. म्हणजे संख्येच्या मध्यभागी जेथे २६ आहेत, तेथे ६२ झाले. अंक तेच राहिले, त्यामुळे बेरीजही १२७ च राहिली. नऊचा ताळा निश्चिंतपणे 'बरोबर' असे सांगेल. ज्यांनी तेरीज जुळविली आहे त्यांना हा अनुभव असेल : फरकाच्या रकमेला नऊने पूर्ण भाग गेला, की कुठेतरी दोन आकडे उलटसुलट पडले असावेत, असा संशय घ्यावा.

अशा वेळी अकराचा ताळा उपयोगी पडतो. उजवीकडून एकाआड एक अंक घेऊन दोन बेरजा कराव्यात. आपल्या संख्येत पहिली बेरीज ७९ आणि दुसरी ४८ येते. वजाबाकी ३१, तिला अकराने भागल्यास बाकी ९. याच रीतीने बादालची बाकी ४ आणि एकट्ठीची ५ येते. चार पंचे वीस, अकराने भागून बाकी ९. ताळा पुन्हा जमला. आता २६ च्या जागी ६२ घातले, तर त्या दोन बेरजा ७५ आणि ५२ होतात, वजाबाकी २३ आणि बाकी १. चोर पकडला गेला.

परंतु सर्वांत कडक ताळा आगमकारांनी स्वतःच दिला आहे, तो शहाण्णव छेदनांचा. अदलाबदल झालेली ती संख्या निम्मी करीत गेल्यास अठरा वेळा नीट निम्मी होते आणि तेथे विषम होऊन अडते. एकोणिसाव्या खेपेस तिचे दोन समान भाग होत नाहीत. एवढेच नव्हे, तर एकोणतीस अंकांच्या सर्व संख्यांत शहाण्णव वेळा निम्मी होऊन बरोबर एकावर येणारी संख्या एकच आहे. त्यामुळे ताडपत्र जळाले, गाथा विस्मरणात गेली, सर्व छापील प्रती नष्ट झाल्या, तरी 'दोनचा पाचवा वर्ग गुणिले सहावा वर्ग' एवढे चार शब्द ज्याच्या ध्यानात आहेत तो ती संख्या अंकाअंकाने पुन्हा उभी करू शकतो. ज्ञानाच्या रक्षणाची याहून भक्कम तिजोरी कोणती असेल?

दर्शनापासून वाचनापर्यंत

हे सर्व आज इतक्या सहज सांगता येते, त्यामागे मोठा इतिहास आहे. धवला टीका नवव्या शतकाच्या आरंभीच्या सुमारास पूर्ण झाली. वीरसेनाचार्यांचे शिष्य जिनसेनाचार्य हे सम्राट अमोघवर्ष यांना गुरुस्थानी होते. आपल्या शहरापासून सुमारे तीस किलोमीटरवर असलेल्या वेरूळच्या ३० ते ३४ क्रमांकाच्या जैन लेण्यांची निर्मितीही राष्ट्रकूट काळातच बहरली. इंद्रसभेच्या शिल्पांपुढे उभे राहताना हे स्मरावे की, ज्या युगाने पाषाणात तीर्थंकरप्रतिमा कोरल्या, त्याच युगाने ताडपत्रांवर अर्धच्छेदाचे गणित कोरले. पाषाण सर्वांना दिसत राहिला, ताडपत्रे मात्र दृष्टीआड झाली.

पुढे शतकानुशतके धवला ग्रंथाची ताडपत्रे कर्नाटकातील मूडबिद्री येथील बसदीत जतन झाली. ती जतन झाली हे महद्भाग्य. परंतु यात्रेकरू येत, बासनात बांधलेल्या ग्रंथाचे दर्शन घेत, मस्तक टेकवीत आणि परत जात. आत काय लिहिले आहे हे वाचणारा विरळा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांसारख्या गृहस्थांनी या ग्रंथांच्या नकला व्हाव्यात म्हणून पुढाकार घेतला. हे दोघेही व्यापारी होते, ही गोष्ट या सभागृहात आवर्जून सांगण्यासारखी आहे.

त्यानंतर विदर्भातील अमरावती येथे डॉ. हिरालाल जैन यांनी संपादनाचे कार्य हाती घेतले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील डॉ. आ. ने. उपाध्ये आणि अन्य विद्वान त्यांच्या साहाय्यास होते. १९३९ मध्ये पहिला खंड प्रसिद्ध झाला आणि पुढील सुमारे वीस वर्षांत एकूण १६ खंड पूर्ण झाले. राशींच्या प्रमाणाची चर्चा करणारा तिसरा खंड १९४१ मध्ये निघाला. १९४२ च्या चौथ्या खंडात लखनौ विद्यापीठाचे गणितज्ञ डॉ. अवधेश नारायण सिंह यांनी धवलेतील गणितावर लिहिलेला इंग्रजी निबंध समाविष्ट झाला आणि जगभरच्या अभ्यासकांना अर्धच्छेदाची ओळख झाली. ज्या ग्रंथाचे केवळ दर्शन होत होते, त्याचे वाचन सुरू झाले, आणि वाचन सुरू झाल्यावरच त्यातील गणित जगाला दिसले.

अभिमान आणि प्रामाणिकपणा

वाचन सुरू झाले की प्रश्नही येतात. त्यांना भिण्याचे कारण नाही. षट्खंडागमाच्या सूत्रात पर्याप्त मनुष्यांसंबंधी दोन मर्यादा दिल्या आहेत. ही संख्या सहाव्या वर्गाच्या वर आणि सातव्या वर्गाच्या खाली, ही एक. सातव्या वर्गाला १२८ अर्धच्छेद असतात, म्हणून ९६ अर्धच्छेदांची आपली संख्या ६४ आणि १२८ यांच्या बरोबर मध्ये बसते. कोडाकोडाकोडीच्या वर आणि कोडाकोडाकोडाकोडीच्या खाली, ही दुसरी. आता आरंभी केलेले वाचन आठवावे. आपली संख्या सात कोडाकोडाकोडाकोडीहून अधिक आहे. म्हणजे या दुसऱ्या मर्यादेच्या ती जवळजवळ आठपट होते. हिशेबाच्या दृष्टीने हा फरक आहे आणि तो वहीत फरक म्हणूनच दिसला पाहिजे. धवला टीकेची रीतच शंका आणि समाधान अशी आहे. आचार्य स्वतः शंका उपस्थित करतात आणि तिचा विचार करतात. ज्या परंपरेने शंकेला ग्रंथात स्थान दिले, त्या परंपरेच्या अनुयायांनी फरकाची रक्कम झाकून ठेवणे शोभत नाही.

दुसरी सावधगिरी आजच्या लोकसंख्येविषयी. नोव्हेंबर २०२२ मध्ये जगाची लोकसंख्या ८०० कोटी झाल्याचे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केले. शास्त्रातील संख्या अढाई द्वीपांच्या, म्हणजे पंचेचाळीस लाख योजनांच्या मनुष्यक्षेत्राविषयी आहे. ती जनगणनेच्या तक्त्याशेजारी ठेवून 'खरी' किंवा 'खोटी' असा निकाल मागणे हे दोन वेगळ्या खात्यांची बाकी एकत्र करण्यासारखे होईल. श्रद्धेचे खाते श्रद्धेचे आणि गणिताचे खाते गणिताचे. गणिताच्या खात्यात जे सिद्ध होते ते एवढेच, आणि तेही थोडके नाही : दोनचा शहाण्णवावा घात आचार्यांनी अचूक काढला होता.

तिसरी सावधगिरी अभिमानाविषयी. संगणकाच्या जगात दोनच्या घातांचे राज्य आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या डॉट नेट या प्रणालीत पैशांच्या हिशेबासाठी 'डेसिमल' नावाचा संख्याप्रकार वापरतात. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३५ आहे, म्हणजे गोम्मटसारातील संख्येहून बरोबर एकाने कमी. कारण उघड आहे. त्या प्रकारात अंक साठविण्यासाठी ९६ घरे आहेत आणि प्रत्येक घरात शून्य किंवा एक एवढेच बसते. दोन्हीकडे शहाण्णव वेळा दुप्पट केले, म्हणून दोन्हीकडे तेच अंक आले. हे पाहून मन प्रसन्न व्हावे. परंतु 'संगणक आमच्याच ग्रंथांत होता' अशी घोषणा करू नये. आचार्यांनी जे केले ते इतके मोठे आहे की त्याला उसन्या अलंकाराची गरज नाही. खोट्या नगाने तागा मोठा दिसतो. पण मोजणीच्या दिवशी लाज तेवढीच मोठी येते.

समारोप

या संख्येचा खरा सन्मान कसा करावा? तिची सोनेरी अक्षरांत पाटी लावता येईल. ती लावावयास हरकत नाही; पण पाटी रंगविणाऱ्याकडून एक अंक सुटला तर तो ध्यानात यावा, एवढी जाण समाजात असावी. तेवढी जाण नसेल तर मूडबिद्रीच्या बासनाला केवळ नमस्कार करून परतणाऱ्या यात्रेकरूंच्या आणि आजच्या पिढीच्या स्थितीत अंतर ते काय राहिले?

म्हणून एक विनम्र सूचना. पाठशाळेच्या मोठ्या वर्गांत वर्षातून एक दिवस या संख्येसाठी राखून ठेवावा. त्या दिवशी गणकयंत्र बाजूस ठेवावे. मुलामुलींनी दोनपासून आरंभ करून सहा वर्ग स्वतः काढावेत, बादालने एकट्ठीला गुणावे, नऊचा ताळा पाहावा, अकराचा ताळा पाहावा. चूक होईलच, एकोणतीस अंकांत न चुकणारा विरळा. ताळा जमला नाही तर मागे जाऊन चूक शोधावी, कोणी रागावू नये. आजोबांनी जवळ बसून जुन्या वहीतील तेरीज कशी जुळवीत ते सांगावे. सायंकाळपर्यंत कोणाच्या तरी वहीवर अखेरचा ३३६ उमटेल, तेव्हा त्या बालकाच्या हाताने आणि हजार वर्षांपूर्वीच्या आचार्यांच्या लेखणीने लिहिलेले अंक तंतोतंत तेच असतील. अशी एकरूपता फार थोड्या गोष्टींत लाभते.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी ही संस्था उभारली, त्यांनी पुढील पिढीच्या हाती वास्तू आणि निधी यांच्यासोबत लेखापरीक्षित हिशेबही ठेवला. दान देणाऱ्याचा विश्वास त्या हिशेबावर उभा असतो. ज्ञानदानाचेही तसेच आहे. आचार्यांनी संख्या दिली आणि सोबत ताळा दिला. संख्या घ्यावी आणि ताळा सोडून द्यावा, असे या समाजाकडून होऊ नये, एवढीच सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी प्रार्थना.

या विवेचनात शास्त्राविरुद्ध काही उणे-अधिक बोलले गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.